पिल्लूच्या गळ्याचं माप

गप्प बसणं ही काही फार अवघड गोष्ट नाही. तोंड मिटायचं, हात मांडीवर ठेवायचे आणि दुसरे बोलत असताना छताकडे बघत राहायचं. टेलरमास्तरांनी त्या रविवारच्या सभेत एवढंच केलं असतं, तर पुढचं रामायण घडलंच नसतं. वकीलबाई त्यांची बाजू जिंकत आल्या होत्या. पण ऐन वेळी मास्तरांना वाटलं, आपणही दोन शब्द बोलावेत. (असं वाटणाऱ्या माणसाचा शर्ट शेजारच्याने मागून ओढून धरायचा असतो. मास्तरांच्या शेजारची खुर्ची रिकामी होती.)

सभा इमारतीच्या तळमजल्यावर, लिफ्टसमोरच्या मोकळ्या जागेत भरली होती. विषय एकच: धोकादायक जातीच्या कुत्र्यांना इमारतीत बंदी. तो मांडला होता अध्यक्षांनी. अध्यक्ष पूर्वी बँकेत मॅनेजर होते, आणि निवृत्त झाल्यापासून नियम करण्यावाचून त्यांच्या हाताला दुसरं काम नव्हतं. जिन्यात शिटी वाजवायची नाही, गच्चीवर पळायचं नाही, लिफ्टमध्ये शिंकताना तोंड कोपऱ्याकडे करायचं, हे सगळे नियम त्यांचेच. तर बंदी ‘कुत्र्यांना’ होती, पण सगळ्यांच्या डोळ्यांसमोर कुत्रा एकच होता. मास्तरांचा पिल्लू.

पिल्लू मास्तरांच्या बायकोला दुकानाच्या पायरीवर, चिंध्यांच्या पोत्यात सापडला होता. (त्या साऱ्या इमारतीच्या वहिनी, तेव्हा आपणही त्यांना वहिनीच म्हणू.) तेव्हा तो ओंजळीत मावायचा, म्हणून नाव पिल्लू. पुढे तो वाढला, मग आणखी वाढला, आणि नाव बदलायचं कुणाच्या लक्षात आलं नाही. आता त्याचं डोकं शिलाईच्या मशीनएवढं झालं होतं आणि मान डोक्यापेक्षा जाड होती. स्वभावाने मात्र तो इतका लोचट होता की अनोळखी माणूस दिसला की आनंदाने सबंध जबडा उघडून धावत सुटायचा. पंचाईत अशी, की समोरच्यापर्यंत आनंद पोचण्याआधी दात पोचायचे.

तसंच झालं होतं. दुसऱ्या मजल्यावरच्या गाण्याच्या बाई पिशवी घेऊन जिना चढत होत्या. वरून पिल्लू आनंदाने आला. बाईंनी जो सूर लावला तो चौथ्या मजल्यावर ऐकू गेला. पिशवी सुटली, गाजरं जिनाभर झाली आणि पिल्लूने ती बाईंच्या पायाशी बसून शांतपणे खाल्ली. बाईंना ओरखडाही आला नाही, पण त्या दिवशी त्यांना शिकवणी घेववली नाही. भीती ती भीतीच.

“जात कुठली त्याची?” अध्यक्षांनी सभेत विचारलं.

“आम्हाला कुठे ठाऊक?” मास्तर म्हणाले. “जनावरांचे डॉक्टर म्हणाले, चार-पाच जाती एकत्र झाल्यात. एखादी आजी जरा बदनाम घराण्यातली असावी म्हणे.”

“बघा! आजी!” अध्यक्षांनी बोट उंचावलं.

इथे वकीलबाई उठल्या. त्या आठवडाभर कोर्टात भांडायच्या आणि रविवारी सवय मोडू नये म्हणून इमारतीत. “अध्यक्षसाहेब, जात तुम्हाला माहीत नाही, मास्तरांना माहीत नाही, डॉक्टरांना माहीत नाही. मग बंदी कुणावर घालणार? आणि आजीचा गुन्हा नातवाच्या माथी कुठल्या कायद्यात मारतात? कुत्र्याने काय केलं ते बोला.”

“केलं नसेल, पण दिसतो तरी कसा बघा! ती मान! ज्या कुत्र्याची मान जाड तो धोकादायक, हे कुणीही सांगेल.”

“दिसण्यावर जायचं झालं, तर तुमच्या मिशा बघून मी आतापर्यंत चार वेळा पोलीस बोलवायला हवे होते.”

सगळे खो खो हसले. अध्यक्षांचा हात नकळत मिशांकडे गेला. ठराव बारगळल्यात जमा होता, आणि नेमके तेव्हाच मास्तर उठले.

“एवढा वाद कशाला?” ते म्हणाले. “मान जाड म्हणजे किती जाड, ते ठरवा. टेप लावा. टेप कुणाची भीड धरत नाही. गळा एकोणीस इंचांच्या वर गेला तर कुत्रा धोकादायक, आत असेल तर राहू द्या. झालं!”

वकीलबाईंनी कपाळाला हात लावला.

मास्तरांना वाटलं, आपण फार मोठा डाव टाकला. कारण पिल्लूचा पट्टा अठरा नंबरचा होता, हे त्यांना ठाऊक होतं. वहिनींनीच तो दुकानातून आणला होता आणि त्यावर आकडा छापलेला होता. अठरा हे एकोणीसच्या आत येतं, एवढं गणित मास्तरांना जमत होतं. अध्यक्षांना तर टाळ्या वाजवाव्याशा वाटल्या. नियमात आकडा आला की नियमाला वजन येतं, असं त्यांचं बँकेपासूनचं मत. ठराव तिथल्या तिथे मंजूर झाला. ज्याचा गळा जास्त भरेल त्या कुत्र्याने पुढच्या सभेच्या दिवशी इमारत सोडायची. आणि मोजणार कोण? अर्थात मास्तर. “अख्ख्या वस्तीत तुमच्यासारखं माप कुणाचं नाही,” अध्यक्ष म्हणाले, आणि मास्तरांची छाती दोन इंच फुगली.

वहिनींना हे कळलं तेव्हा त्या दुकानात कापड कापत होत्या. मापं घ्यायची मास्तरांनी आणि कापायचं वहिनींनी, ही त्यांच्या धंद्याची लग्नापासूनची वाटणी. त्यांनी कात्री खाली ठेवली.

“जिंकत आलेला खटला तुम्ही मापावर घातलात?”

“अगं, अठराचा गळा आहे. एकोणीसची हद्द मीच ठरवली. डोकं लागतं त्याला.”

“आणि मोजणार तुम्ही?”

“मग काय तू मोजणार?”

वहिनी काहीतरी बोलणार होत्या, पण त्यांनी पुन्हा कात्री उचलली. “मी नाही यायची तो तमाशा बघायला,” एवढंच म्हणाल्या आणि खरंच आल्या नाहीत. त्या आल्या असत्या तर गोष्ट तिथेच संपली असती.

मोजणीला सगळी इमारत लोटली. मास्तर इस्त्रीचा शर्ट घालून, गळ्यात टेप अडकवून आले. आधी एक-दोन चिमुकले कुत्रे पास झाले. मग पिल्लू. मास्तरांनी त्याच्या मानेभोवती टेप फिरवला, टोक जुळवलं, आकडा वाचला आणि घसा खाकरला. पुन्हा वाचला.

“मोठ्याने, मास्तर!” अध्यक्ष म्हणाले.

“वीस,” मास्तर म्हणाले. त्यांचा आवाज त्यांनाच ओळखू आला नाही.

त्यांनी परत मोजलं. वीस. डावीकडून मोजलं, उजवीकडून मोजलं, पिल्लूला श्वास सोडायला सांगून मोजलं. वीसच. पिल्लूला वाटलं, हे सगळे लाडच चालले आहेत. त्याने मास्तरांचा कान चाटला.

पण गंमत पुढेच होती. अध्यक्षांची स्वतःची कुत्री होती: पांढरीशुभ्र, पायापर्यंत केसाळ, कागदोपत्री सात पिढ्यांची शुद्ध, आणि इमारतीत ‘राणीसाहेब’ म्हणून प्रसिद्ध. तिला मोजायची गरज नाही, असं अध्यक्षांचं म्हणणं होतं. वकीलबाईंचं म्हणणं होतं की नियम सगळ्यांना सारखा. मास्तरांनी केसांवरून टेप फिरवला.

“तेवीस.”

“काय?” अध्यक्षांचे डोळे बाहेर आले. “ही तेवीस? अहो, हिचं घराणं बघा!”

“नियमात घराणं नाही,” वकीलबाई गोडपणे म्हणाल्या. “नियमात गळा आहे. तुम्हीच मंजूर केलाय.”

“मास्तर, एक विचारू का?” गर्दीतून गाण्याच्या बाई म्हणाल्या. “तुम्ही अध्यक्षांचे शर्ट शिवता ना? त्यांचा गळा किती?”

मास्तरांना गिऱ्हाइकांची मापं तोंडपाठ. विचारलं की उत्तर बाहेर. “साडेएकोणीस,” ते म्हणून गेले, आणि मग आपण काय बोललो ते त्यांच्या लक्षात आलं.

लोक हसून हसून लिफ्टला टेकले. अध्यक्ष तावातावाने राणीसाहेबांना घेऊन वर गेले. जाताना मात्र त्यांनी बजावलं, की नियम म्हणजे नियम, पुढच्या सभेच्या दिवशी पिल्लू बाहेर. राणीसाहेबांबद्दल कमिटी वेगळा विचार करील.

मास्तर दुकानात आले आणि स्टुलावर मटकन बसले.

“किती भरला?” वहिनींनी विचारलं.

“वीस.”

“म्हणजे अठरा.”

“वीस म्हणजे वीस! तू त्याला चोरून खायला घालतेस, त्याचा हा परिणाम.”

“पट्टा तोच आहे, भोक तेच आहे. अहो, तुमचं वीस म्हणजे अठराच. लग्न झाल्यापासून तसंच आहे.”

मास्तर ताडकन उठले. इतक्या वर्षांत कुणी, अगदी उधारीवाल्यांनीसुद्धा, त्यांच्या मापाला नावं ठेवली नव्हती. कपड्यात बसलेला माणूस त्यांच्या मापाची साक्ष द्यायचा. “माझं माप चुकतं म्हणतेस?”

“तुम्ही टेपखाली बोटं घालता. दोन. तुमच्या हातून कुणाच्या गळ्याला टेप आवळवत नाही. तुम्हाला वाटतं, समोरचा गुदमरेल.”

“खोटं!”

“बरं,” वहिनी म्हणाल्या आणि त्यांनी आपल्या भावाला फोन लावला. भावाचं गावाबाहेर शेत होतं. त्याने पिल्लूला न्यायचं कबूल केलं. फोन ठेवल्यावर वहिनींनी पिल्लूची गोधडी घडी करून पिशवीत भरली, वाडगं पुसून तिच्यावर ठेवलं, आणि मग तोंड फिरवून मशीनवर बसल्या. मशीन चालू नव्हतं.

त्या दोन-चार दिवसांत मास्तरांचं कशातच लक्ष लागेना. घरात बायको बोलेना. पिल्लू पिशवीतून गोधडी ओढून काढायचा, वहिनी ती परत भरायच्या. मास्तर वरवर म्हणत, कुत्रा म्हणजे नस्ती ब्याद. खरं सांगायचं तर त्या ब्यादीवाचून त्यांना घास जात नव्हता. दुपारी दुकान बंद करून ते कटिंगच्या टेबलाखाली पाय सोडून बसत, तेव्हा पिल्लू त्यांच्या पावलांवर डोकं ठेवून घोरत असे, आणि त्या घोरण्याशिवाय त्यांना डुलकी लागत नसे. हे त्यांनी कुणाला सांगितलं नव्हतं. वहिनींना अर्थातच माहीत होतं.

अशाच एका दुपारी, दुकानाचं शटर अर्धं ओढलेलं असताना, ते आरशासमोर उभे राहिले. कुणी बघत नाही याची खात्री केली. (पिल्लू बघत होता, पण तो कुठे सांगणार?) टेप काढला, स्वतःच्या गळ्याभोवती फिरवला आणि आकडा वाचायला मान वर केली. आरशात टेप होता, गळा होता, आणि दोन्हींच्या मध्ये त्यांची स्वतःची दोन बोटं होती. छान शेजारी-शेजारी बसलेली.

त्यांनी बोटं काढली. टेप सैल पडला. पुन्हा मोजायला गेले, तर बोटं आपली आपण परत आत.

मास्तर स्टुलावर बसले. पिल्लूला वाचवायचं तर भर सभेत, जिथे प्रत्येक खुर्चीत आपलं गिऱ्हाईक बसलंय तिथे, उभं राहून म्हणायचं, की माझं माप चुकतं. मग दुकानात पाऊल कोण टाकणार? टेलर आणि चुकीचं माप! आणि बोलायचं नाही म्हटलं, तर पावलांवरचं डोकं जाणार. त्यांनी खाली पाहिलं. पिल्लूने जबडा उघडला आणि जांभई दिली.

सभेच्या दिवशी अध्यक्ष जय्यत तयारीने आले. सात पिढ्यांची कागदपत्रं असलेल्या कुत्र्यांना मापाच्या नियमातून सूट, असा नवा ठराव त्यांनी आणला होता. वकीलबाई बाह्या सरसावून उठल्या, आणि तेवढ्यात मास्तर उभे राहिले. वकीलबाईंनी त्यांच्याकडे पाहिलं आणि हात जोडले. “मास्तर, तुम्ही नका बोलू. माझी शपथ आहे तुम्हाला.”

“बोलू द्या बाई,” मास्तर म्हणाले. मागच्या रांगेत वहिनी पिल्लूला धरून बसल्या होत्या आणि त्यांच्या पायाशी ती पिशवी होती. “पिल्लूचा गळा वीस नाही. अठरा आहे. माझं माप... माझं माप चुकलं.”

सगळ्या माना मास्तरांकडे वळल्या. ते पुढे म्हणाले,

“एकदाच नाही चुकलं. कायमच चुकतं. माझी बोटं टेपखाली जातात. मला कळत नाही. माझ्या हातून कुणाचा गळा आवळवत नाही. त्याची शिक्षा मला करा, कुत्र्याला नको.” एवढं बोलून ते खाली बसले. खुर्ची थोडी बाजूला होती, त्यामुळे ते जमिनीवर बसले.

मग एकच कल्लोळ उडाला.

“म्हणजे माझा गळा साडेएकोणीस नाहीच?” अध्यक्षांनी विचारलं. त्यांच्या चेहऱ्यावर आशा दिसत होती.

“साडेसतरा,” मास्तर जमिनीवरून म्हणाले.

“थांबा, थांबा,” गाण्याच्या बाई म्हणाल्या. “माप चुकतं, तर तुमचे कपडे आम्हाला बसतात कसे? माझ्या भावाचा कोट बघा, चामडीसारखा बसलाय!”

सगळे आपापल्या बाह्या आणि कंबरा चाचपू लागले. कुठे सुरकुती नव्हती. कोडं कुणालाच सुटेना. मास्तरांना तर अजिबात सुटेना. शेवटी मागून वहिनी बोलल्या.

“कापते मी ना. यांनी सांगितलेल्या मापातून दोन वजा करते.”

मास्तर जमिनीवरून वळून बघत राहिले.

“पहिल्या महिन्यात शिवलेला शर्ट पोत्यासारखा झाला होता,” वहिनी सांगू लागल्या. “तो मी लपवला आणि दुसरा शिवून दिला. तेव्हापासून हे बोलतात वीस, मी खडूने आखते अठरा. सगळ्यांचंच, गळा असो की कंबर. त्यात यांचाही जीव राहतो आणि गिऱ्हाइकाचाही.”

आता जे हसू फुटलं त्यात अध्यक्षही सामील झाले. वहिनींनी पुढे येऊन, वकीलबाईंना साक्षीला उभं करून, पिल्लूचा गळा मोजला. अठराला दोन धागे कमी. मग राणीसाहेबांचे केस दाबून मोजलं, तर पंधरा. अध्यक्षांनी आपला ठराव गुपचूप खिशात घातला.

“आता सांगा,” वकीलबाई म्हणाल्या, “दोन बोटांच्या जाडीवर या मुक्या प्राण्याचं घर जात होतं. अशा नियमाला काय म्हणायचं? कुत्र्याच्या वागण्यावर नियम करा, मी पहिली सही करते.”

“मीही बोलते,” गाण्याच्या बाई म्हणाल्या. “माझी भीती खरी आहे. तिला तुमचा टेप लावू नका. गळा अठरा असो नाहीतर अठ्ठावीस, जिन्यात सुटा कुत्रा माझ्या अंगावर येता कामा नये.”

ते सगळ्यांनाच पटलं, मास्तरांनाही. नवा नियम झाला: जिन्यात आणि लिफ्टमध्ये प्रत्येक कुत्रा दोरीला, मग तो केवढाही असो, जो चावेल त्याच्या तोंडाला जाळी, मग त्याचं घराणं कुठलंही असो. जात गेली, माप गेलं. वहिनींनी पिशवी उचलली, गोधडी बाहेर काढली आणि सगळ्यांसमोर डोळे पुसले. पिल्लूने अध्यक्षांचा हात चाटला. अध्यक्षांनी तो काढून घेतला नाही.

घरी आल्यावर मास्तरांनी विचारलं, “इतकी वर्षं मला सांगितलं का नाहीस?”

“सांगितलं असतं तर तुम्ही सुधारला असता,” वहिनी म्हणाल्या. “माझ्या हाताला मात्र वजा करायची सवय झालेली. मग लोकांचे गळे आवळले असते.”

इथे मास्तरांनी हसून सोडून द्यायचं होतं. पण पुरुषाचा अभिमान दुखावला की त्याला सुधारणा सुचते. त्यांनी मनाशी ठरवलं, आता असं माप घ्यायचं की बायकोने तोंडात बोट घालावं. पाठोपाठ अध्यक्षच आले, गोडी करायला म्हणून नवी पँट शिवायला टाकली. मास्तरांनी श्वास रोखला, बोटं मुठीत दाबली, आणि आयुष्यात पहिल्यांदा कंबरेचं माप चोख घेतलं. घामाघूम झाले, पण घेतलं. वहिनींना मात्र काही सांगितलं नाही. कापडावर उतरलं की कळेलच तिला, म्हणाले.

वहिनींनी आकडा ऐकला, दोन वजा केले आणि कात्री चालवली.

पँट अध्यक्षांना मिळाली ती पुढच्या सभेच्या अगदी तोंडावर. घाईघाईत त्यांनी पोट आत ओढून हुक लावला. तो लागला तो लागलाच. सभेत त्यांनी सगळ्यांना बसायला सांगितलं आणि स्वतः मात्र उभेच राहिले. चेहरा लालबुंद होता आणि बोलताना ते मध्येच थांबून अर्धा श्वास घेत होते.

“एकच ठराव,” ते म्हणाले. “आजपासून... या इमारतीत... मास्तरांनी टेपला हात लावायचा नाही. मापं वहिनी घेतील.”

टाळ्यांनी जागा दणाणून गेली. मास्तरांनी मोठ्या आशेने वकीलबाईंकडे पाहिलं. “बाई, तुम्ही बंदीच्या विरुद्ध ना? हे कायद्यात बसतं का?”

“पूर्ण बसतं,” वकीलबाई म्हणाल्या. “ही बंदी तुमच्या दिसण्यावर नाही, घराण्यावर नाही. केलेल्या कृत्यावर आहे, आणि पुरावा अध्यक्ष घालून बसलेत.”

“बसलोय कुठे?” अध्यक्ष कळवळून म्हणाले. “बसता येत असतं, तर ठराव कशाला आणला असता?”

ठरावाला हात वर करायला सांगितलं, तेव्हा पहिला हात वहिनींचा होता.